लागला का गं?

जगातल्या यच्चयावत दुखण्यांचं मूळ लूज अर्थिंगमध्ये आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. दिव्यापर्यंत आलेली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते. त्या परतीच्या वाटेवर गंज चढला की दिवा लागत नाही. प्रकरण एवढंच. पण लातूरच्या मामांनी ते थेट आयुष्याला लावलं. माझी बढती अडली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेबाशी अर्थिंग बराबर हाय का?" शेजारची सून रुसून माहेरी देगलूरला गेली, तेव्हाही निदान तेच. ती थोड्याच दिवसांत परत आली, आणि त्याचं श्रेयही मामांनीच घेतलं.

या तत्त्वज्ञानाचा उगम म्हणजे अंगणातली मोटार. रेणापूरच्या एका वकिलाकडून घेतलेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी, आणि मूळ रंग कोणता यावर घरात आजही एकमत नाही. इंजिन बिचारं गुणी, पण दिव्यांनी सगळा कारभार नासवलेला. ब्रेक दाबला की आतला दिवा लागे. उजवीकडे वळायची खूण दिली की डावा दिवा डोळा मारी. अर्धापूरला एका लग्नाला जाताना या डोळा मारण्यावरून केळीच्या ट्रकवाल्याने आम्हाला थांबवलं आणि काय काम आहे म्हणून विचारलं. मामांनी त्याला खाली उतरवून अर्थिंग समजावलं. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पण मामांच्या हातात केळीची फणी होती.

होल्डरात बल्ब आणि त्याला दोन वायरी, असा त्यांचा टेस्ट लॅम्प डॉक्टरच्या नळीसारखा सदा गळ्यात. बँकेतसुद्धा ते तो घालून जात. मात्र खरं तपासायचं यंत्र वेगळंच होतं, आणि ते म्हणजे माझी मामी. मामा आत बसून बटण ओढणार आणि मामी कणकेच्या हाताने समोर येऊन उभी राहणार. "लागला का गं?" आतून प्रश्न. "लागला" किंवा "न्हाई", बाहेरून उत्तर. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं या दोन शब्दांत उरकलं असावं. मामीने न्हाई म्हटलं की न्हाई. स्वतः उतरून खात्री करण्याचा आगाऊपणा मामांनी कधी केला नाही.

गेल्या हिवाळ्यात पुढचे दोन्ही दिवे बंद पडले. मामांनी फ्यूज बदलले, बल्ब बदलले, वायरी नव्याने ओढल्या, पत्रा पॉलिश पेपरने असा घासला की तिथे चेहरा दिसावा. टेस्ट लॅम्प लागे, पण बल्ब घालून आत जाऊन बसले की बाहेरून "न्हाई". मी कामासाठी नांदेडहून गेलो होतो, तर मामा अर्धे झालेले. जेवतानाही पुटपुटत होते, "करंट येऊन राहिलाय, मग लागंना का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामीच्या शेजारी उभा होतो. मामांनी बटण ओढलं. दोन्ही दिवे माझ्या डोळ्यांसमोर लख्ख लागले. मामी दिव्यांकडेच बघत म्हणाली, "न्हाई लागला."

मला वाटलं, गंमत करतेय. मी हसत म्हणालो, "मामी, लागलेत की दोन्ही." ती हसली नाही. मामा सावकाश खाली उतरले. आधी दिव्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. मामी पदराशी चाळा करत म्हणाली, "मला वाटलं, दिवेच गेले."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाचे थेंब घालून राखायची. परतीच्या रिक्षात मामा बाहेर बघत बसले होते. त्या दिवशी त्यांनी अर्थिंगचं नाव काढलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

दिवाळीला मी हौसेने झगझगीत एलईडी घेऊन गेलो. म्हटलं, एवढा उजेड तरी मामीला दिसेल. मामांनी डबी उघडलीसुद्धा नाही. या म्हाताऱ्याचा हट्ट काही जायचा नाही, असं मनात म्हणत मी अंगणात आलो, आणि जागीच थांबलो.

मामा आत बसले होते. मामी समोर, डाव्या दिव्याच्या काचेवर तळहात ठेवून उभी.

"लागला का गं?"

"थांबा की जरा." सकाळचा गारवा होता. मामीने हात तसाच ठेवला. मग तिचा चेहरा सैलावला. "हाव, लागला."

मामा खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या दिव्याची काच तापत न्हाई, भाच्या."

मामी चाचपत उजव्या दिव्याकडे गेली आणि हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. "न्हाई लागला," ती म्हणाली. मी वाकून बघितलं. खरंच लागला नव्हता.

मामा उतरले, पण दिव्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "मग अर्थिंगच असंल," म्हणत ते पाने-पक्कड काढायला आत गेले. इतके खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.