वेदीवरची पोळी

पंचफुला उमपचा अर्ज जूनमध्ये माझ्या हातात पडला, तेव्हा मी तो दोनदा वाचला. मंडळीचं सभासद करून घ्या, असा अर्ज होता. मंडळीचा सचिव मी, सभासदांची वही माझ्या कपाटात, आणि ही बाई सभासद नाही हेच मी साफ विसरलो होतो. तेवीस वर्षं दर रविवारी ती उजवीकडच्या चौथ्या बाकावर दिसायची. नेहमी दिसणाऱ्या माणसाची चौकशी करायला मी तरी कशाला जातो.

आमचं चर्च अमरावतीच्या कॅम्प भागात आहे. एकतीस घरांची मंडळी. मूळचं अँग्लिकन, पुढे ते मोठ्या एकत्रित चर्चमध्ये सामील झालं, पण पद्धत जुनीच राहिली. सभासद व्हायचं तर आधी आठ शनिवार शिकवणी, मग बाप्तिस्मा, मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करतात. त्यानंतरच माणसाला प्रभुभोजन घेता येतं. म्हणजे उपासनेच्या शेवटी वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि पाळकसाहेबांच्या हातून पोळीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. बिशपसाहेब दोन वर्षांतून एकदा येतात, त्यामुळे एक फेरी हुकली की दोन वर्षं थांबावं लागतं.

पंचफुला वलगावची, बौद्ध घरातली. मोटार वाइंडिंग करणाऱ्या आमच्या शांतवन उमपशी तिनं रजिस्टर लग्न केलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. रोज तीस-पस्तीस पोरांची खिचडी तिच्या हातची. चर्चला येऊ लागली ती सासूची सोबत म्हणून. मग येतच राहिली. प्रभुभोजनाची वेळ झाली की सगळे उठून पुढे जायचे आणि ही बाकावर एकटी. बायकांना सोय झाली होती. पर्स, चष्मे, कडेवरची पोरं, सगळं तिच्या हवाली करून त्या निवांत जायच्या. पाळकसाहेबांनी तिला विचारलं, की इतक्या वर्षांनी आत्ताच का? ती म्हणाली, पर्सा सांभाळून कंटाळा आला, मलाही यायचं आहे. वलगावच्या भावानं तिला एकच विचारलं होतं, कोणी भरीस तर घातलं नाही? नाही म्हणाल्यावर त्यानं तो विषय संपवला.

आता पोळीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथला आहे. वेदीवर आम्ही पाव ठेवत नाही. गव्हाची पोळी असते, बिनतेलाची, बिनमिठाची. ती सभासदाच्याच हातची हवी, असा एका जुन्या पाळकांनी घालून दिलेला आमच्या मंडळीपुरता नियम आहे. पूर्वी ही पाळी घरोघर फिरायची. मग एकेकानं अंग काढून घेतलं. कोणाची शाळा सकाळची, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाचा गॅस संपलेला. शेवटी पाळी एकाच घरात जाऊन बसली, पंचफुलाच्या सासूकडे, जयवंताबाईंकडे. बाई मानी. स्टीलच्या डब्यात, पांढऱ्या रुमालात बांधलेली पोळी त्या दर रविवारी स्वतः आणून वेदीवर ठेवायच्या. वार्षिक सभेत मी त्यांचे जाहीर आभार मानायचो. त्यांच्या हातच्या मऊ पोळीवर माझं एक ठरलेलं वाक्य होतं आणि लोक टाळ्या वाजवायचे.

शिकवणीचा पाचवा शनिवार प्रभुभोजनाचा होता. मीही बसलो होतो. पाळकसाहेब सभासदाच्या जबाबदाऱ्या सांगत होते. रविवारी येणं, आजाऱ्याला भेटणं, सभेत मत देणं, मंडळीचं काम वाटून घेणं. आणि वेदीजवळ येताना मनात काही लपवून येऊ नये, असं त्यांनी शेवटी सांगितलं. ते शिकवणीत नेहमीच सांगतात. आम्ही सगळ्यांनी ते आपापल्या वेळी ऐकून सोडून दिलेलं आहे.

पंचफुलानं वही मिटली. "साहेब, पोळी माह्या हातची रायते," ती म्हणाली. "नऊ वर्सं झाले."

जयवंताबाईंना संधिवात होता. बोटं वाकडी झाली होती. गीतांचं पुस्तक त्यांना धरता येत नव्हतं, शेजारची धरायची. हे एकतीस घरांनी पाहिलं होतं. त्या बोटांनी कणीक कशी मळली जाते, लाटणं कसं फिरतं, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि आभार मानायला मीच पुढे असायचो. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

पाळकसाहेब भले माणूस. त्यांनी सांगितलं की ही गोष्ट घरातच राहू द्या, नोव्हेंबरच्या मध्यावर बिशपसाहेब येतील, तुम्ही सभासद व्हाल आणि पोळी आपोआप नियमात बसेल. खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटलं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. जयवंताबाईंची अब्रू राहत होती, आणि माझीही.

पंचफुला म्हणाली, "म्हंजे आंधी सभासद व्हाचं, मंग खरं बोलाचं?"

मग गोष्ट पंच कमिटीपुढे ठेवावी लागली. कमिटीत आम्ही सातजण. दोघांनी लगेच हरकत घेतली. जी नियम माहीत असून नऊ वर्षं गप्प बसली, तिनं पुढल्या फेरीपर्यंत थांबावं, असं त्यांचं म्हणणं. त्यातला एक तर म्हणाला, म्हातारीचं नाव घालवायला सुनेनं हे रचलं नसेल कशावरून. निकाल ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर द्यायचं ठरलं.

घरी पंचफुलानं सासूला शिकवणीच्या त्या शनिवारीच सांगून टाकलं होतं. जयवंताबाई दुसऱ्या दिवशी पिशवी भरून मूर्तिजापूरला भाचीकडे निघून गेल्या. शांतवन दोनदा आणायला गेला आणि दोनदा एकटा परत आला. पोळी करायला दुसरं कोणी पुढे आलं नाही, म्हणून ऑक्टोबरपर्यंत वेदीवर नाइलाजानं बाजारचा पाव होता आणि त्याबद्दल बोलायचं सगळे टाळत होते. पंचफुला नेहमीसारखी चौथ्या बाकावर. पर्सा मात्र आता तिच्याकडे कोणी ठेवत नव्हतं. मला ते फार लागलं, पण मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो नाही. तेही इथं लिहून ठेवतो.

सभेच्या दिवशी मी विषय वाचून दाखवला. तो हरकतवाला उभा राहून बोलू लागला, तेवढ्यात जयवंताबाई मागच्या दारातून आत आल्या. सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. पुढे येऊन त्यांनी दोन्ही हात पदराबाहेर काढले आणि सगळ्यांना दिसतील असे धरले.

"हे हात तुमी नऊ वर्सं पायले," त्या म्हणाल्या. "पोळी कोन लाटते, कोनी इचारलं नाई. कोनी इचारत नाई म्हनून मी बी सांगतलं नाई. टाळ्या आवडत होत्या मले. हिनं कितीकदा म्हटलं, आई, सांगून देऊ. मीच तिले गप बसवलं. नाव खोडाचं असंन तं माहं खोडा."

हरकतवाला खाली बसला. पंचफुला रडत होती, जयवंताबाई रडत नव्हत्या. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाचा विरोध? एकही हात वर झाला नाही. जयवंताबाईंचं नाव खोडायचा प्रश्न कोणी काढलाच नाही, पण पोळीची पाळी त्यांनी तिथल्या तिथे सोडली.

मग नवी पंचाईत. बिशपसाहेब येतील त्या रविवारी बाजारचा पाव ठेवायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पंचफुला उपासनेच्या मध्यात सभासद होणार आणि पोळी तर सुरुवातीलाच वेदीवर हवी, म्हणून तिची चालणार नव्हती. बाकी बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बिशपसाहेबांपुढे आपल्या पोळीला नावं ठेवली जातील, ही प्रत्येकीला धास्ती. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, पोळी बाईनंच करावी असं कुठं लिहिलंय? सचिवसाहेब सभासद आहेत. लोक हसले. मी हसलो नाही, कारण पाळकसाहेबही हसत नव्हते.

पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेला, बायको गेल्यापासून डब्यावर जगणारा माणूस मी. बिशपसाहेब यायच्या आधीचे तीन शनिवार जयवंताबाई माझ्या ओट्याशी खुर्ची टाकून बसल्या. पंचफुलाला त्यांनी येऊ दिलं नाही. कणीक सैल झाली की बोल लावायच्या, घट्ट झाली की बोल लावायच्या, आणि कायले एवढा जोर लावता म्हणून रागवायच्या. पहिल्या दिवशी पोळी तव्याला चिकटली. शेवटच्या दिवशी गोल म्हणता येईल अशी झाली, पण मधे जाड राहायची ती राहिलीच.

त्या रविवारी पंचफुलाचा बाप्तिस्मा झाला, बिशपसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले आणि मी वहीत तिचं नाव लिहिलं. प्रभुभोजनाच्या वेळी ती सासूसोबत पुढे गेली. तिच्या तळहातावर पडलेला तुकडा नेमका मधला होता. मी पाहत होतो. तिनं तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मंडळीनं तेवीस वर्षांनी तिला एक घास दिला आणि तोही माझ्या हातचा, कच्चा.

उपासना संपल्यावर मी तिला पायरीवर गाठलं आणि माफी मागितली. म्हटलं, पोळी आतून कच्ची राहिली होती.

"होती ना," पंचफुला म्हणाली. "पण भाऊ, घरी मी करतो, अंगणवाडीत मी करतो, इथंबी मीच करत होतो. मले कोनी करून खाऊ घातलं, असं किती वर्सांनी झालं."