मनगटाचे गार्ड

हेल्मेट म्हटलं की कुरकुरणारी माझी चौदा वर्षांची लेक सई त्या दिवशी दुकानात शिरताच म्हणाली, "बाबा, स्केटबोर्डसाठी आधी मनगटाचे गार्ड घेऊ." मला शंका आली. दुकानदार गार्ड चढवून बघायला लागला, तेव्हा तिने डावाच हात पुढे केला आणि उजवा बाहीत ओढून घेतला. मी तो हळूच धरला. मनगट सुजलं होतं.

"कधी पडलीस?"

"सोमवारी. सांगितलं असतं तर तुम्ही बोर्ड काढून घेतला असता."

घेतलाच असता. माझ्या काळजीला घाबरून हिने आजवर आणखी काय काय लपवलं असेल?

मी दोन्ही हातांचे गार्ड घेतले. "चल, आधी डॉक्टरांना दाखवू," म्हटलं. "बोर्ड तुझ्याकडेच राहील."