गंगूने धरलेले केस

केनवडच्या जानरावचे व्हायोलिन तरुणपणापासून भीमगीतांच्या कार्यक्रमांत वाजत आले होते. पण तारांवर फिरवायच्या गजाचे केस कधी बदलायचे, हे त्याला कधीच ठरवावे लागले नव्हते. ते त्याची बायको गंगू ठरवी. भाकरी थापता थापता ती आतूनच म्हणायची, "अवं, तुमचा गज खोकलून राह्यला. केस बदला." मग शिरपूरच्या वरातीच्या घोडेवाल्याकडून आणलेला शेपटीचा झुपका ती ओल्या फणीने विंचरी, एक टोक घट्ट धरून बसे आणि जानराव दुसरे बांधी.

गंगूला जाऊन वर्ष झाले. स्मृतिदिनाला अंगणात गाणी ठेवली होती. गजावर अजून तिच्या हातचेच केस होते. एका कडेने ते विरळ झाले होते, मुठीजवळ काळवंडले होते, आणि राळ कितीही घासली तरी तारेवर पकड धरीत नव्हते.

"जानूभाऊ, गजाले टक्कल पडलं," ढोलकीवाला रवी तालमीत म्हणाला. "राळ कायले वाया घालून राह्यले?"

"बदलू," म्हणत जानरावने गज पेटीत ठेवला होता.

स्मृतिदिनाच्या सकाळी त्याने पेटी उघडली, तर केस चकाकत होते. गज तारेवर ठेवला. तो नुसता घसरत गेला. आवाज नाही. दारात सून पिंकी उभी होती.

"मामाजी, केस लय कोल्डे पडले होते. म्या काल तेल लावून देलं. खोबऱ्याचं."

राग येईल म्हणून जानराव क्षणभर थांबला. आला नाही. वर्षभर काहीच येत नव्हते.

"बिघडलं का जी? शाम्पूनं धुऊन देऊ?"

तेल स्पिरिटने निघाले असते, हे त्याला ठाऊक होते. पण केस काही कालच्या तेलाने खराब झाले नव्हते. गंगू असती, तर तिने दिवाळीतच बदलायला सांगितले असते.

"कातर आन," तो म्हणाला.

केस कापून त्याने मुठीत गुंडाळले. न्हाणीच्या भिंतीतल्या फटीत गंगूच्या विंचरलेल्या केसांचा गुंता तसाच होता. केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बाईसाठी ती तो साठवी. त्याच फटीत त्याने हेही खोचले. मग ट्रंकेतला उरलेला झुपका काढून एक टोक पिंकीच्या हाती दिले.

"घट्ट धर. ढिलं सोडू नको."

तिने ते दोन्ही हातांनी धरले. केस बांधून, राळ लावून त्याने गज ओढला. सूर उमटला. सवयीने त्याचे लक्ष स्वयंपाकघराकडे गेले.

"बरं वाजून राह्यलं का, मामाजी?"

"मले नाही समजत. तू सैपाक करता करता ऐकत जाय. खराब झालं का सांगजो."

"अन मलेबी नाही समजलं तं?"

"तरी सांगजो."

अंगणात सतरंज्या टाकणे सुरू झाले होते. पिंकी कणीक भिजवायला आत गेली. नव्या केसांना राळ पुष्कळ लागते. जानराव ती घासत बसला.