खुळखुळणारी उशी

"चाचा, ही उशी वाजते काऊन?"

बशीरचाचा छताकडे पाहू लागले. पिंपळगाव राजाला त्यांचं गाद्या-उशांचं दुकान. दवाखान्याची उशी त्यांना पसंत पडणं शक्यच नव्हतं. येताना स्वतःची घेऊन आले होते. मी ती उचलून पुन्हा हलवली. खुळखुळ!

मी खामगावात रक्ताच्या आजारांचा डॉक्टर. चाचांना ल्युकेमिया होता, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्यांच्या प्रकारावर एक औषध फार नामी, आर्सेनिक. हो, तोच विषारी सोमल! शुद्ध केलेला, मोजून सलाईनमधून दिलेला. हे सांगताना मी मुद्दाम आवाज खाली आणतो. चाची ओढणी सावरत दोन पावलं मागे सरकल्या होत्या.

कॅन्सरच्या पेशीत ऑक्सिजनचे तोडफोड करणारे रेणू आधीच जास्त असतात. हे औषध ते आणखी वाढवतं. याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हद्द झाली की पेशी स्वतःच्याच आत लिहिलेला हुकूम पाळते. स्वतःचे तुकडे करते, त्यांच्या पुड्या बांधते आणि मरते. शेजाऱ्यांना त्रास नाही. इतकं सभ्य मरण मी माणसांतही पाहिलेलं नाही.

म्हणूनच भरतीच्या वेळी बजावलं होतं, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या नकोत. त्या याच रेणूंना थंड करू शकतात. आम्ही आग लावायची आणि त्यांनी पाणी ओतायचं!

उशीची शिवण उसवली. कापसातून त्याच गोळ्यांच्या तीन बाटल्या निघाल्या.

"दामादनं पाठवल्या," चाचा पुटपुटले. "नवा दामाद हाय, डॉक्टरसाब. परत कशा करू? पोरीले काय वाटन?"

"मग खायच्या कशाला? जीव जाईल ना!"

"रोज व्हिडिओ कॉल करते तो. त्याच्यासमोर खा लागते."

चाची कडाडल्या, "अन् मले सांगे, उशीचा कापूस सारखा करून राह्यलो!"

संध्याकाळी कॉल आला. फोन मी घेतला. "दामादसाहेब, तुमच्या गोळ्या फार जोरदार. आमच्या औषधालाच अडवतील. उपचार संपेपर्यंत त्या माझ्या ताब्यात राहू द्या."

पलीकडून अभिमानाने भरलेला आवाज आला, "तुम्हीच घ्या ना सर! दिवसभर थकत असाल."

उपचार पूर्ण झाले. हाडातल्या मगजाच्या तपासणीत ल्युकेमियाची पेशी सापडली नाही. चाचा पुन्हा दुकानात बसतात. गोळ्यांचं पार्सल आता दर महिन्याला माझ्या नावाने येतं.

कॅन्सरच्या पेशीला मरायला राजी करता येतं. जावयाची भेट परत करायला सासऱ्याला राजी करणारं औषध अजून निघालेलं नाही. म्हणून राउंडला मी नाडीच्या आधी उशी हलवून पाहतो.