खालच्या गावातला मुक्काम

सिएटलच्या उत्तरेला, बॉथेलच्या आसपास पोलीस खात्यात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर बहुतेक प्रकरणं मागे पडली. हे एक मात्र तपशिलासकट लक्षात राहिलं. घटना आमच्या हद्दीतली नव्हती. तो गुन्हा होता का, हेही नक्की नव्हतं. तरीही एक माणूस कोठडीत होता.

आमच्या भागातले चार मराठी लोक हिमालयात ट्रेकला गेले होते. कुमाऊंमधून तिबेटकडे मीठ आणि लोकर यांचा व्यापार ज्या वाटेनं चालायचा, त्या जुन्या वाटेवरचा बऱ्याच दिवसांचा ट्रेक. तिघं परत आले. चौथा, एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, वरच्या कॅम्पवर विरळ हवेच्या त्रासानं दगावला. त्याच्या पत्नीनं तिथल्या पोलिसांकडे तक्रार पाठवली आणि गाइडला हलगर्जीपणाच्या आरोपाखाली अटक झाली. साक्षीदार इकडे राहणारे, म्हणून त्यांचे जबाब पडताळून पाठवण्याची विनंती वरच्या कार्यालयांतून फिरत आमच्याकडे आली. मला मराठी येतं, त्यामुळे फाइल माझ्या टेबलावर ठेवली गेली.

तिघांनी लिहून दिलं होतं: ठरल्याप्रमाणे विरळ हवेची सवय व्हायला खालच्या गावात एक दिवस विश्रांती घेतली, मग वर चढलो, मित्राला धाप लागली आणि गाइड त्याला सोडून निघून गेला. गाइडचं म्हणणं वेगळं होतं. विश्रांती या लोकांनीच रद्द केली, आणि आपण पळालो नव्हतो, ऑक्सिजन आणायला खाली धावलो होतो.

"तीन विरुद्ध एक," आमचा सार्जंट म्हणाला. "सही कर आणि पाठवून दे."

पाठवण्याआधी त्या इंजिनिअरची पत्नी ठाण्यावर आली.

"काका, तिघं वेगवेगळ्या दिवशी मला भेटायला आले. तिघांनी सेम गोष्ट सांगितली. शब्दसुद्धा सेम."

"मित्र आहेत. आपसात बोलले असतील."

"पिझ्झा कुठून मागवायचा यावर या तिघांचं कधी एकमत होत नाही. माझा नवरा घरी येऊन त्यांच्या नकला करायचा." तिनं माझ्या टेबलावरच्या फाइलकडे बोट दाखवलं. "तक्रारीवर सही माझी आहे. तो माणूस माझ्या सहीनं आत आहे. त्याची चूक असेल तर राहू दे आत. पण मला खात्री करून द्या."

मी तिघांना स्वतंत्र बोलावलं. ठरवून दिलेल्या जबाबात मुख्य घटना पक्क्या असतात, कच्चे राहतात ते बिनकामाचे तपशील. मी तेवढेच विचारत गेलो.

"विश्रांतीच्या दिवशी काय केलंत?"

"रेस्ट डेला काय करणार? रेस्ट," ग्रुपमध्ये ज्याला सगळे दादा म्हणत, तो म्हणाला. "सर, आम्ही ऑलरेडी सगळं लिहून दिलंय ना?"

दुसरा म्हणाला, "झोपलो, यार. सॉरी, सर. झोपलो."

कपडे कुणी धुतले नाहीत, गावात कुणी फिरलं नाही. संशयाला जागा होती, पुरावा नव्हता.

तिसऱ्या साक्षीदार पन्नाशीच्या बाई, एका बायोटेक कंपनीत कामाला. ग्रुप त्यांना काकू म्हणे. लिहिलेला जबाब त्यांनी न अडखळता म्हणून दाखवला. मी त्या तारखेला जेवायला काय होतं ते विचारलं.

"जेवण कसलं, माझी संकष्टी होती," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक्यानं बिचाऱ्यानं बटाटे उकडून ठेवले. मी आपली चंद्रोदयाची वाट बघतेय, आणि हे चिडवतायत, 'काकू, चंद्र ट्रॅफिकमध्ये अडकलाय.' शेवटी आला एकदाचा हिमनदीच्या वर. हात जोडायला बोटं सरळ होईनात, इतकी थंडी."

सबंध जबाबात एवढं एकच त्या आठवून बोलल्या होत्या.

घरी मराठी दिनदर्शिका पाहिली. संकष्टी त्याच तारखेला होती. मग नकाशा आणि फाइलमधले फोटो काढले. खालचं गाव अरुंद दरीत, दोन्ही बाजूंना उभे कडे. हिमनदी फक्त वरच्या कॅम्पवरून दिसते. सार्जंटला संकष्टी समजावून सांगायला एका जबाबाइतका वेळ गेला, पण त्यानं फाइल थांबवली.

काकूंना पुन्हा बोलावून नकाशा समोर ठेवला.

"खालच्या गावातून हिमनदी दिसते?"

त्यांनी नकाशावरच्या दरीवरून बोट फिरवलं. "नाही."

"मग विश्रांतीचा दिवस कुठे गेला?"

"तुम्ही त्याच्या बायकोला सांगणार असाल, तर मी बोलणार नाही."

"गाइड कोठडीत आहे, काकू. तुम्ही बोलेपर्यंत तो तिथंच राहील."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिच्या नवऱ्याला अमेरिकेत परतायला व्हिसाचा नवा शिक्का लागणार होता; त्या स्टॅम्पिंगची मुंबईतली लवकरची तारीख मिळाली. गावामागच्या टेकाडावर नेटवर्क होतं, तिथं मेसेज आला. म्हणाला, एक दिवस वाचवला तर वेळेत पोचतो. गाइड हात जोडून नको म्हणत होता, साहेब. आम्हीच म्हटलं, चल, होईल."

"हे लपवलंत का?"

"ती तारीख तिनं घेतली होती. ऑफिस सांभाळून दिवसभर साइट रिफ्रेश करत बसायची. मेसेज तिचाच होता. आता तिला काय सांगायचं?"

दुपारपर्यंत बाकीच्या दोघांनीही जबाब बदलले. दादा जाताना म्हणाला, "सर, वहिनीसाठी केलं हो."

नवे जबाब तिला आधी कागदावर वाचावे लागू नयेत, म्हणून मी तिच्या घरी गेलो आणि सरळ सांगितलं. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती, उठली नाही.

"'जमेल' एवढंच लिहिलं होतं त्यानं," ती म्हणाली. "कसं जमेल, हे मी विचारलं नाही."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

मग तिनं विचारलं, "तक्रार मागे घ्यायला सही कुठे करायची?"

नुसती तक्रार मागे घेऊन माणूस सुटत नाही. पण तिचं पत्र आणि तिघांचे नवे जबाब मी एकत्र पाठवले, आणि काही आठवड्यांनी गाइड सुटल्याचं कळलं. त्याआधीच तिनं त्याच्या घरचा नंबर मिळवून फोन केला होता. काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले. ते घाबरलेले असतात आणि लवकर मोडतात. हे तिघं घाबरलेले नव्हते. आपण भलं करतोय अशी त्यांची खात्री होती. मित्र गेल्यावर ज्या घरी ते जेवणाचे डबे पोचवत होते, त्या घराची काळजी त्यांनी केली. कोठडीतल्या माणसाबद्दल मात्र तिघांपैकी एकानंही मला एकदासुद्धा विचारलं नाही. त्यानंतरच्या नोकरीत माझ्यापुढे सगळ्यांचं एकमत आलं, की मी पहिल्यांदा हे बघायचो, त्याची झळ लागणारा माणूस त्या खोलीत हजर आहे का.