नागपूरची नोकरी नाकारली तेव्हा

नागभीड स्टेशनवर बाबांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि म्हणाले, "पगार पाहूनच जाऊन राह्यली, तं मन लावून कर." गाडी हलल्यावर आईने हात उंचावला, तोही खांद्यापर्यंतच. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावातून पुण्याला, विमा कंपनीत मी निघाले होते. घरातून नोकरीसाठी इतक्या दूर गेलेली मीच पहिली.

ऑफिस थंडगार होतं. रांगेने टेबलं, प्रत्येकाच्या कानात हेडफोन. माझ्याकडे हॉस्पिटलच्या बिलांचे क्लेम तपासायचं काम आलं. अडलं तरी मी विचारत नसे. शिकलेल्या मुलीने विचारायचं नसतं, अशी समजूत. काही महिन्यांत रविवारची संध्याकाळ नकोशी वाटू लागली. शेवटी राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला आणि आईला फोन केला.

आई दर उन्हाळ्यात विड्यांसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाते. झुडपांत बाया एकमेकींना दिसत नाहीत, म्हणून सतत हाका मारत राहतात. एकीची हाक आली नाही की सगळ्यांचं काम थांबतं. जंगल वाघाचं आहे.

माझं ऐकून ती म्हणाली, "तू हाक देल्ली का कोनाले?"

"आई, ऑफिस हाय ते."

"मंग? मानसं नाई का तिथी?"

दुसऱ्या दिवशी मी जागेवर उभी राहिले आणि विचारलं, "हा क्लेम कुणाला समजतोय का?" आवाज जरा जास्तच लागला. सगळा मजला वळला.

"अगं हळू, सिक्युरिटी येईल!" कुणीतरी हसलं.

आमच्यातल्या सर्वांत जुन्या देवयानीताई पलीकडच्या रांगेतून खुर्ची सरकवत आल्या. "हे हॉस्पिटल मलाही छळतं. दाखव."

त्यानंतर त्यांची खुर्ची येत राहिली. हळूहळू माझीही त्यांच्याकडे जाऊ लागली. इतरही विचारू लागले. काम तेच होतं, पगारही तोच. राजीनामा मात्र पाठवला गेला नाही.

गेल्या वर्षी नागपूरच्या एका कंपनीने बोलावलं. पगार जास्त, गाव एका बसच्या अंतरावर. बाबांनी खोली शोधायलाही घेतली. मी जाऊन तिथे एक दिवस बसून आले. माणसं सभ्य, कामसू. दुपारी प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनसमोर डबा उघडला आणि संपवला. मी नकार कळवला. बाबांनी बरेच दिवस फोन आईच्याच हातात दिला.

आईला कारण सांगताना मला नीट शब्द सापडेनात. जवळ येण्याची संधी सोडून मी दूर राहते आहे, हे तिला लागणार होतं.

"समजलं मले," ती म्हणाली. "पन दिवाळीले त्या देवयानीबाईले घेऊन ये. माही पोरगी कोनाच्या भरवशावर हाय, पाहू तं दे."

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजूनही सिंदेवाहीच सांगते. यंदा दिवाळीची तिकिटं दोन काढली आहेत. खिडकी देवयानीताईंनी मागून घेतली आहे.