कौलाला लावलेली करंगळी

त्या दिशी देवापाशी आमी पाच जणं व्हतो. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हनायची. माझं मालक, त्यांचं नाव म्या कधी घेतलं न्हाई, आता बी घेत न्हाई. दोन वर्सांची मंगल माझ्या काखेला. सामान न्यायला आलेला राजुरीचा ट्रकवाला. आन मी, हिराबाई. बाकीचं गाव आदीच खाली गेलतं. धरणाचं पानी आमच्या खालच्या भातखाचरात शिरलं व्हतं.

वर डोंगरात ऱ्हायलेल्यांनो, आन आमच्यावानी खाली आलेल्यांनो, माझी शाळा दुसरीपातुर. मी सांगते आन धाकटी सून लिवून घेते. तिला म्हनलंय, माझं बोलनं सुदरू नको.

आमच्यात मोठं काम निघालं की देवाला कौल लावायचा. शेंदराच्या दगडाला दोनी खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आन इचारायचं. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. सोयरीक, नांगरट, गाय इकायची, समदं इचारून. मग गाव सोडायचं तर न इचारता कसं? आत्याबाई सकाळधरनं दगडाम्होरं बसलेल्या. पाकळ्या जाग्याव.

ट्रकवाल्यानं दोनदा हारन वाजवला. "आवो आजी, देवाला म्हनावं आटप बाबा, मला राजुरी गाठायचीया."

"तुला घाई हाय पावनं. त्याला न्हाई."

मालक एका अंगाला हुबं. आईला सोडून ते हालनार न्हाईत, हे मला ठावं व्हतं. मंगलच्या अंगात दोन दिस ताप. दवाखाना खाली, मास्तर खाली, मानसं खाली. वर आमी आन पानी. आन माझ्या डोळ्याला दिसत व्हतं, डावी पाकळी कडंनं सुकून सुटाया लागलीया. ती पडली असती तर आत्याबाई तिथंच बसल्या असत्या, आन त्यांच्यापायी आमी समदी.

"देवाच्या तोंडावर धुरळा बसलाय," म्हनलं, आन पदरानं पुसायच्या निमतानं उजव्या पाकळीला करंगळी लावली. पडली.

आत्याबाईंनी कपाळ भुईला टेकलं. "चला," म्हनल्या. मागं वळून बी बघितलं न्हाई त्यांनी. मीच सारखी बघत व्हते, आन ते डोळं भरून आल्यामुळं न्हाई, भ्यानं.

आमाला अवसरी बुद्रुकच्या अलीकडं जमीन मिळाली. जमीन म्हनायची, नुसता मुरूम. ऱ्हायाला पत्र्याची शेड. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारचं आमी बाभळीखाली बसायचो. वर दाराम्होरनं पानी वाहायचं, हितं हंडा घेऊन दुसऱ्याच्या हिरीवर. वर भात, नाचनी, वरई. हितं बाजरी आन कांदा, आन आमाला कांद्याची रोपं लावाया बी येत नव्हती. पयल्या साली म्या लई खोल लावली. शेजारची बाई बांधावरनं हसली, "अगं बये, कांदा लावतीस का पुरतीस?" मग सवताच आत आली, पदर खोचला आन दोन वाफं लावून दावलं.

नांगरताना एक काळा गुळगुळीत दगड घावला. आत्याबाईंनी त्यो लिंबाखाली हुबा केला, शेंदूर लावला. तिसऱ्या साली आमच्या हिरीला पानी लागलं. मंगल शाळंत जाया लागली, दुसरं पोर झालं, म्हस आली. आत्याबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्या देवानं कौल दिला, त्यानंच धाडलं आमाला." शेजारनीला सांगायच्या, मास्तरला सांगायच्या. दर येळंला मी तिथनं उठून कामाला लागायची. देवाचा मोठेपना म्या चोरला असं वाटायचं.

एका सकाळी दोघी कांदा खुरपीत व्हतो. मान वर न करता म्या सांगून टाकलं. "आत्याबाई, ती पाकळी म्या पाडलती."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं आन घरला गेल्या.

आठ दिस माझ्याशी बोलल्या न्हाईत. काय सांगायचं ते मंगलच्या तोंडून. "मंगे, तुझ्या आईला म्हनावं, कालवनात मीठ जास्त झालंय. हाताला लई सव लागलीया तिच्या, नको तितं जायची." मालकांना काय उमगंना. मी बी सांगितलं न्हाई. मला एकच भ्या, आत्याबाई उठून भावाकडं वर जानार. त्यांच्या भावाचं घर पान्याच्या वर ऱ्हायलं व्हतं. त्या गेल्या की मालक त्यांच्या मागं. मग ही हिर, हे वाफं, पोरीची शाळा, समदं जाग्याव सोडायचं.

नवव्या दिशी सकाळी त्यांनी मला लिंबाखाली बोलवलं. दगड धुतला, दोन पाकळ्या लावल्या.

"हिरे, लांब बस. आन हात पदराखाली घे."

घेतलं.

"देवा," त्या म्हनल्या, "आमी तू धाडल्याली न्हाई. हिनं लबाडी केली. आता तू सांग. ऱ्हाऊ का माघारी जाऊ?"

आमी बसलो. ऊन डोक्यावर आलं. पाकळ्या वाळल्या, पार पापडावानी झाल्या, पन एक बी हालंना. मी मनात म्हनत व्हते, देवा, काय बी सांग, पन सांग. त्यो सांगंना. तिकडं म्हस वरडाया लागली. तिची वैरनीची येळ टळली व्हती.

आत्याबाई गुडघ्याला हात लावून उठल्या. "ऊठ. किती येळ बसायचं?"

"पन कौल?"

"त्यो काय आपला गडी हाय व्हय, हाक मारली की ओ द्यायाला?" वाळल्याल्या पाकळ्या त्यांनी सवताच काढल्या. "त्यानं धाडलं न्हाई, तू आनलंस, बरं. पोरीचा ताप उतरला तवा तू काय वखद दिलंतंस? ह्या मुरमात पानी तू घातलंस? आनलं कुनी बी, सांबाळलं त्यानंच. जा, म्हशीला टाक."

मी चार पावलं गेले तर मागनं म्हनल्या, "आन म्होरल्या बारीला मला सांगत जा. मी काय तान्हं पोर न्हाई, फसवून उचलून न्यायाला."

त्याच्यानंतर त्यांनी कौल लावला न्हाई. सकाळी दगडाला पानी घालायचं, हात जोडायचं, "बग बाबा," म्हनायचं आन कामाला लागायचं. मी बी तेच करते. मालक गेलं तवा तेच केलं. थोरला पुन्याला कंपनीत गेला तवा बी तेच.

मंगल आता खोडदला हाय. तिच्या बांधावरनं रेडिओ दुर्बिनीच्या त्या मोठाल्या तबकड्या दिसत्यात. जावई म्हनला, "मामी, ह्या दिसरात आभाळाचं ऐकत्यात." म्या म्हनलं, "मग काय म्हनतंय आभाळ?" त्यो हसला, "ते सायबांना ठावं." म्हनलं, असूंदे, ऐकत्यात हे काय कमी हाय.

आता पत्रा जाऊन स्लॅब आला. हिरीवर मोटर, कांद्याला ड्रिप. नातू इडियो कॉलवर इचारतो, आजी, तुझं गाव कंचं? पयल्यांदा मी पान्याखालचं नाव सांगायचे. आता ह्या मुरमाचं सांगते. वरचं इसरले म्हनून न्हाई. तांदळाचा वास आला की अजून चित्त तिकडं पळतं. पन माझ्या हातानं लावल्यालं हितं उगवलं, आन ज्या बाईला म्या फसवलं तिनं मला हितंच ठेवून घेतलं. घर म्हनाया मला तेवढं पुरं झालं.

वाचनाऱ्या बाबांनो, बायांनो, एक करा. घर हालवायची येळ आली आन घरात म्हातारं मानूस असलं, तर त्याला कंचं बी निमित सांगून गाडीत बसवू नका. शेजारी बसा, खरं काय ते सांगा, आन त्याला त्याच्या देवाशी बोलाया येळ द्या.